भिंतीलाही धाव हवी



सोयाबीनची रास झाली आणि चार पैसे हाती आले, की आपल्याकडे दोन विषय निघतात. एक पोरीच्या लग्नाचा, दुसरा घराच्या बांधकामाचा. आत्ता मी लिहायला बसले आहे, तर समोरच्या गल्लीत वाळूची ट्रॉली रिकामी होत असल्याचा आवाज येतो आहे. शेजारी पायाचं खोदकाम निघालं आहे. आमचा धाकटाही चार दिवस मागं लागला आहे. म्हणतो, "आई, परसात दोन खोल्या काढू. जुन्या गावात दगड फुकट पडलाय."

जुन्या गावातला दगड म्हटलं की माझ्या हातातलं काम थांबतं. का थांबतं ते आज तुम्हाला सांगते. त्यासाठी २००३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर पार कच्छमधल्या भुज शहरापर्यंत यावं लागेल. वाट लांबची आहे, पण शेवटी तुमच्याच अंगणात येऊन पोचते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारी पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या पट्ट्यात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून माणसं उशिरा घरी आली आणि दमून निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ८,००० माणसं गेली. आमच्या घरातली तीन गेली. मामंजी, माझी धाकटी जाऊ आणि तिचा चार वर्षांचा मुलगा.

मी तेव्हा थोरल्या मुलीला घेऊन माहेरी होते. धाकटा पोटात होता. आमचे हे शेतात जागलीला गेले होते आणि भावजी सोलापुरात कामाला होते. सासूबाईंना दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणायचो. त्या दिवसापासून आत्याबाई छपराखाली निजल्या नाहीत. थंडीत अंगणात खाट, पावसात गोठ्याच्या पत्र्याखाली खाट. सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचंही होतं. नवं घर भूकंपात टिकणारं आहे असं इंजिनिअर येऊन सांगून गेले. आत्याबाई हो म्हणायच्या आणि खाट उचलून बाहेर जायच्या. अशी दहा वर्षं गेली.

ही नवी घरं जमिनीच्या मानानं मिळाली होती. भूमिहीनाला अडीचशे चौरस फुटांचं आणि मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचं. पण शेतकऱ्याचं घर म्हणजे काही नुसत्या निजायच्या खोल्या नव्हेत. धान्याची पोती, औतं-अवजारं, पेंड, दोन जनावरं, पावसाळ्याचं सरपण, हे सगळं ठेवायचं कुठं? म्हणून गावोगाव लोकांनी मूळ घराला लागून खोल्या काढल्या. आणि त्या कशाच्या काढल्या? पुष्कळांनी जुन्या पडक्या गावातलेच दगड आणून चिखलात रचले. २००३ च्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनीही दोन ट्रॉल्या दगड आणून परसात टाकले. म्हणाले, "मायला एक खोली होईल, पलीकडे जनावरं बांधता येतील."

आत्याबाई त्या ढिगाकडे बघून एवढंच बोलल्या, "ह्या दगडांत निजायला मला सांगू नका." त्या दिवसापासून त्यांनी परसात पाऊल टाकणं सोडलं. हे चिडले. सिमेंट-विटांना पैसा कुठून आणू, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं बोलणंच कमी झालं. दगडांचा ढीग तसाच पडून राहिला आणि त्यावर गवत उगवलं.

आता भावजींचं सांगते. बायको आणि मुलगा गेल्यावर त्यांनी सोलापूरचं काम सोडलं. आमच्या पट्ट्यात घरांची उभारणी सुरू झाली, तिथं ते गवंड्याच्या हाताखाली राबले आणि हळूहळू चांगले गवंडी झाले. पुढं २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. गुजरातेत १३,००० हून अधिक माणसं गेली. भुज, अंजार, भचाऊ ही गावं जमीनदोस्त झाल्यासारखी झाली. भावजी बातम्या ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. नंतर एका संस्थेबरोबर तिकडं कामाला गेले ते तिकडंच राहिले. २००३ च्या दसऱ्याला त्यांचा फोन आला, "वहिनी, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना आणि मायला घेऊन या. खोली आहे माझ्याकडं."

खरं सांगते, माझं मन होत नव्हतं. सुट्टीत माणूस देवाला जातं, समुद्र बघायला जातं. पडलेलं गाव बघायला कोण जातं? शिवाय एक जुनी सल होती. आमच्याकडे भूकंप झाला तेव्हा लांबलांबून माणसं जीप-ट्रक करून बघायला आली होती, जत्रेला यावीत तशी. मदतीच्या गाड्यांना वाट मिळेना इतकी गर्दी झाली होती. आपल्या पडलेल्या घरासमोर उभं राहून कुणी "इथं किती गेले?" असं विचारलं म्हणजे काय होतं, ते मला ठाऊक होतं. तसलं कुणाच्या दारी आपण करू नये. पण आत्याबाई म्हणाल्या, "लेकराला बघून तीन वर्षं होतील. मी जाणार." मग विषय संपला.

भाऊबीज उरकून संध्याकाळी निघालो. सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं मुंबई आणि मुंबईहून कच्छकडं जाणारी गाडी. सोबत शिदोरी होती, चिवडा, करंज्या आणि ज्वारीच्या कडक भाकरी. सकाळी जाग आली तर खिडकीबाहेर शेत नाही, झाड नाही, सपाट खारी जमीन आणि मिठाचे पांढरे ढीग. धाकटा म्हणाला, "आई, इथं कापूस वेचून ठेवलाय." तेवढ्यात एका स्टेशनाबाहेर विटांचे, दगडांचे ढिगारे आणि त्यांच्या मधूनच नवी कोरी घरं दिसायला लागली. आत्याबाईंनी खिडकीकडं पाठ केली.

गांधीधामला उतरून एसटीनं भुजला पोचलो तो दिवस लाभपंचमीचा. आपल्याकडे भाऊबीज झाली की दिवाळी आवरती घेतात. गुजराती माणूस मात्र पाडव्याला बंद केलेलं दुकान लाभपंचमीला पूजा करून उघडतो. त्या सकाळी भुजच्या बाजारात आम्ही काय पाहिलं? एका दुकानाची मागची भिंत अजून बांधायची होती, तिथं ताडपत्री लावलेली. पण पुढं उंबऱ्यावर रांगोळी, झेंडूचं तोरण, वहीवर कुंकवाचं स्वस्तिक. शेजारचं दुकान नुसतं पत्र्याचं खोकं. तिथंही तोरण. आमच्यासारख्या अनोळखी माणसांनाही "साल मुबारक" म्हणत पेढा हातावर ठेवत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, इथं आपण तोंड पाडून फिरायचं नाही.

थोरलीनं बाईंकडून कॅमेरा मागून आणला होता. ती पडक्या वाड्याचा फोटो घ्यायला लागली तशी मी तिचा हात धरला. म्हटलं, "आपल्या आजोबांच्या घराचा कुणी असा फोटो काढला असता तर?" तिनं कॅमेरा पिशवीत ठेवला. नंतर त्या रिळात आम्ही हमीरसर तलाव काढला, दाबेलीच्या गाडीवर धाकटा दोन्ही गाल फुगवून खातो आहे तो काढला आणि एका आजीनं स्वतः बोलावून नव्या घराच्या दारात उभं राहून काढायला लावलेला तिचा फोटो काढला. ज्यानं त्यानं दाखवलं ते बघायचं, लपवलं ते विचारायचं नाही, एवढा नियम आम्ही पाळला.

हमीरसर हा भुजच्या मधोमध असलेला तलाव. कच्छ म्हणजे दुष्काळाचा मुलूख. म्हणून पाऊस चांगला होऊन हा तलाव भरून वाहिला, की भुजमध्ये कामकाजाला सुट्टी देतात आणि लाडू वाटतात. हे ऐकून आमचे हे पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, "हे लोक आपल्यातलेच आहेत." तलावाच्या अलीकडे राजवाडे. अठराव्या शतकातला आयना महाल तडकला होता, म्हणून तो बाहेरूनच पाहिला. शेजारच्या प्रागमहालाचा घड्याळाचा मनोरा जखमी होऊन उभा होता.

जुनं भुज शहर कोटाच्या आत, अगदी अरुंद बोळांचं. धरणी हलल्यावर माणसं घराबाहेर पळाली, तर बोळाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांच्याच अंगावर आल्या. अंजारला तर प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली १८५ शाळकरी मुलं आणि त्यांचे २० शिक्षक अशाच एका बोळात गेले. म्हणून नवं शहर आखताना रस्ते रुंद करायचं ठरलं. त्यासाठी ज्याच्या त्याच्या जागेतून तुकडा तुकडा कापून रस्त्याला घेतला. कुरबुरी झाल्या, भांडणं झाली. आपल्याकडे बांधावरून होतात, तशीच. ज्यांना कोटाच्या आत जागा पुरली नाही त्यांना बाहेर रावळवाडी, आर.टी.ओ. अशा ठिकाणी नव्या वसाहतीत जागा दिल्या.

एक फरक मला तिथं ठळक जाणवला. आमच्या ५२ गावांत बहुतेक घरं ठेकेदारांनी बांधून दिली आणि आम्ही किल्ली घेतली. कच्छमध्ये पुष्कळांना पैसा हप्त्यांनी दिला आणि घर ज्याचं त्यानं बांधायचं. पण पुढचा हप्ता कधी? इंजिनिअर येऊन झालेलं काम नियमाप्रमाणं आहे असं लिहून देईल तेव्हा. त्यामुळं झालं काय, की लोखंड, वाळू, सिमेंट हे बायामाणसांनाही तोंडपाठ झालं.

त्याचा पडताळा दुसऱ्याच दिवशी आला. भावजी ज्यांच्याकडं भाड्यानं राहत होते त्या घरी एक म्हाताऱ्या होत्या. सगळे त्यांना 'बा' म्हणत. कोटाच्या आतलं त्यांचं घर पडलं होतं आणि आता वसाहतीत नवं उभं राहत होतं. बा रोज सकाळी काठी टेकत तिथं जायच्या आणि वाळूच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसायच्या. आत्याबाईंना त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं. बांना मराठी येत नव्हतं, आत्याबाईंना गुजराती. पण दोघींच्या मांडीवर ताट होतं आणि ताटात बाजरीचा रोटला, गूळ, ताक. आपली भाकरीच ती, जरा जाड. त्याला भाषा लागली नाही.

भिंती दारांच्या वरपर्यंत आल्या होत्या. त्या दिवशी वर काँक्रिटचा पट्टा भरायचा होता. सगळ्या भिंतींच्या माथ्यावरून दोन लांब सळया, त्यांना दर सहा इंचांवर तारेनं बांधलेल्या आडव्या कड्या, आणि हे सगळं घराला पूर्ण वळसा घालून. कामगार माल कालवून तयार झाले, तशा बा उठल्या. काठीनं एका कोपऱ्यावर ठक ठक केलं आणि कडाडून काहीतरी बोलल्या. काम थांबलं. भावजींनी जाऊन पाहिलं. त्या कोपऱ्यात सळई सरळच तोडली होती. ती वळवून दुसऱ्या भिंतीवर हातभर पुढं न्यायला पाहिजे होती. जादा सळया आणून कोपरा नीट बांधेपर्यंत बांनी मालाचं एक घमेलं वर जाऊ दिलं नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "म्हातारी एवढी कशापायी भांडली?"

भावजी त्यांच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "माय, आपल्या गाडीच्या चाकाला धाव कशाला बसवतात?"

"धाव नसली तर चाक खिळखिळं होतं की. लाकडाचे तुकडे सुटून पडतात."

"तेच. लोहार धाव तापवून चढवतो, निवली की ती आवळते आणि सगळे तुकडे एक होतात. घराच्या चार भिंती म्हणजे चार सुटे तुकडे. धरणी हलली की एक इकडं जाते, एक तिकडं, आणि कोपरा उसवतो. हा पट्टा म्हणजे घराची धाव. एका जागी तुटली तर ती धाव कसली? म्हणून बा भांडल्या."

आत्याबाई बराच वेळ त्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या जुन्या घराला धाव नव्हती?"

"नव्हती, माय. कुणाच्याच घराला नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे चिखल आणि कपऱ्या. दोन्ही थरांना बांधणारा दगड नाही. वर माळवदाची हातभर माती."

त्यावर आत्याबाई जे बोलल्या ते दहा वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुझा पोरगा त्या रात्री अंगणात निजला होता. मिरवणुकीतून आला आन् तिथंच आडवा झाला. दव पडतंय म्हणून मी त्याला उचलून आत नेला. मी नेला."

भावजींनी मान खाली घातली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. कामगारांनी घमेली उचलायला सुरुवात केली होती. खूप वेळानं भावजी म्हणाले, "पोराला दवात कोण निजवतं, माय? तू आत नेलंस ते बरोबरच केलंस. घर बरोबर नव्हतं." एवढं बोलून ते उठले आणि कामाला लागले. बांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

उरलेले तीन दिवस आम्ही पाहुण्यांसारखे राहिलो. एक दिवस बन्नीच्या गवताळ रानात गेलो. तिथल्या म्हशी रात्री कळपानं चरायला जातात आणि सकाळी आपणहून घरी येतात, हे ऐकून आमच्या ह्यांनी तिथल्या मालधारी माणसाला दहा प्रश्न विचारले. भिरंडियाराचा मावा खाल्ला. तिथल्या गोल झोपड्या पाहिल्या. त्यांना भुंगा म्हणतात. मातीची जाड गोल भिंत आणि वर गवताचं हलकं छप्पर. मोठमोठ्या इमारती पडल्या, पण पुष्कळ भुंगे उभे राहिले. कारण गोल भिंतीला उसवायला कोपराच नाही, आणि वर ओझं नाही. मी दोन भरतकामाच्या पिशव्या घेतल्या. बाईनं सांगितला तो भाव दिला, घासाघीस केली नाही. सावरणाऱ्या गावात पाहुण्यानं अश्रूंपेक्षा चार पैसे सोडावेत, हे मी आमच्या गावाच्या अनुभवानं सांगते.

परतीच्या गाडीत आत्याबाई आमच्या ह्यांना म्हणाल्या, "ते दगड राहू दे. पायात घाल. पण वरची भिंत धाव घातल्याबगर बांधायची न्हाई." दोघांचं इतकं लांब बोलणं पाच-सहा महिन्यांनी झालं होतं.

तर वाचकहो, ही झाली सहलीची गोष्ट. आता तुमच्या अंगणातलं बोलू. भूकंप सांगून येत नाही आणि आमच्या मुलखात येणारच नाही, असं म्हणून चालत नाही. १९९३ पर्यंत आमचा भाग सरकारी नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा मानलेला होता. नकाशा २००२ साली सुधारला, पण त्याआधी गावं गेली. तेव्हा खोली काढणार असाल तर गवंड्याला या गोष्टी विचारा, आणि बांसारखी खुर्ची टाकून बसा.

पहिली गोष्ट, धाव. एक पट्टा जोत्यावर, एक दार-खिडक्यांच्या वर. छत पत्र्याचं किंवा कौलाचं असेल तर भिंतीच्या माथ्यावर आणखी एक. स्लॅब असेल तर तिथं स्लॅबच ते काम करतो. पट्टा घराला पूर्ण वळसा घालणारा हवा आणि कोपऱ्यावर सळई वळलेली हवी. दुसरी गोष्ट, प्रत्येक कोपऱ्यात पायापासून छतापर्यंत एक उभी सळई. तिसरी, दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून ठेवू नका, निदान दोन फूट सोडा. चौथी, दगडाचीच भिंत असेल तर ती चिखलात रचू नका आणि दीड फुटाहून रुंद करू नका. दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतील. गोटे तसेच रचू नका, घडवून घ्या. पाचवी गोष्ट पाण्याची. काँक्रिट आणि सिमेंटची भिंत निदान सात दिवस, जमलं तर दहा-बारा दिवस ओली ठेवा. हे काम घरातल्या बायाच करतात आणि त्याचं मोल कुणी धरत नाही. पण भिंतीचा जोर त्या पाण्यातच असतो.

आणि ज्यांची घरं जुनी धाब्याची आहेत, त्यांनी एक करावं. दर पावसाळ्याआधी आपण माळवदावर नवी माती टाकतो आणि जुनी काढत नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाढत जातं. जुनी माती आधी उतरवा, मग नवी टाका. भिंतीचं पोट सुटलं असेल, कोपऱ्यात चीर असेल, तर नुसता गिलावा करून झाकू नका. जाणत्या माणसाला दाखवा. जुन्या भिंतीलाही आरपार भोक पाडून, त्यात सळई आणि काँक्रिट भरून दोन्ही थर बांधता येतात. आमच्या पट्ट्यात अशी दुरुस्ती पुष्कळ ठिकाणी झाली आहे.

आमची परसातली खोली २००४ च्या अक्षय तृतीयेला पुरी झाली. जुने दगड पायात गेले, वर विटा. पट्ट्याच्या दिवशी आत्याबाई काठी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी सळईच्या कड्या स्वतः मोजल्या. मृगाचा पहिला पाऊस आला त्या रात्री त्यांनी खाट आत नेली. उशाला दार, आणि दार सताड उघडं. पावसाचे शिंतोडे अंथरुणावर येत होते, पण मी दार लोटलं नाही. पुढं थंडीत त्यांनी ते आपणहून लोटायला सुरुवात केली. २०१४ साली त्याच खोलीत त्या गेल्या, झोपेत.

धाकटा २०२३ च्या दिवाळीत सूनबाईला घेऊन भुजला जाऊन आला. आता तिथं रुंद रस्ते आहेत, बाग आहे, मोठी रुग्णालयं आहेत. भुजिया डोंगरावर २०२२ साली स्मृतिवन झालं आहे, तिथं गेलेल्या माणसांची नावं लिहिली आहेत. अंजारलाही त्या मुलांचं स्मारक झालं आहे. त्यानं सगळं पाहिलं, मोबाइलवर फोटो दाखवले. आणि तोच आज मला म्हणतो, जुन्या गावात दगड फुकट पडलाय!

तो काही वाईट मुलगा नाही. भूकंप झाला तेव्हा तो जन्मला नव्हता, भुजला गेला तेव्हा चौथीत होता आणि दाबेली खाण्यात गुंग होता. सांगितलं नाही तर त्याला कळणार कसं? काल रात्री जेवताना मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, आजीनं दवातून पोराला उचलून आत नेलं त्यासकट. तो ऐकत राहिला. सकाळी उठून परसातल्या खोलीच्या दारावर गिलाव्याखाली पट्ट्याची रेघ कुठं दिसते ते हातानं चाचपत होता.

तुमच्या घरीही असं सांगायचं काही राहिलं असेल, तर बांधकाम काढण्याआधी सांगून टाका. आणि गवंड्याला विचारा, धाव कुठं आहे?

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर रामराम.